टाकी मोठी, मासे तेवढेच

संसारातल्या मागण्या दोन जातींच्या असतात. काही मागण्या एकदा येतात, पुऱ्या झाल्या की संपतात. काही मात्र वाढत्या मुलासारख्या असतात. यंदा शिवलेला सदरा पुढल्या वर्षी आखूड होतो. घरातलं मत्स्यालय या दुसऱ्या जातीतलं. ते काचेच्या गोल भांड्यातून घरात शिरतं, वर्षभरात दोन फुटांचं होतं, आणि मग एके दिवशी घरातला मत्स्यप्रेमी जेवताना भातावर सांबार घेता घेता सहज विचारतो, "हॉलमधली ती शोकेस आपण तशी वापरतो कुठे?" शोकेसचा आणि सांबाराचा काही संबंध नसतो. पण समोर बसलेल्या माणसाला पुढचं सगळं त्या एका वाक्यात कळतं.

आमच्या घरी ही मागणी चार फुटांची होती. आम्ही मराठी माणसं, पण नोकरीच्या निमित्ताने मैलापूरला आलो ते इथलेच झालो. कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माडा रस्त्यांवर भाजी घेणं, डिसेंबरात मार्गळीच्या कचेऱ्या ऐकणं आणि दुपारच्या उन्हाला नावं ठेवणं या तिन्ही गोष्टी आता अंगवळणी पडल्या आहेत. ह्यांनी निवृत्त झाल्यावर दोन फुटांची टाकी आणली आणि चार गोल्डफिश पाळले. मासे आणले तेव्हा बोटाएवढे होते. ते तळहाताएवढे झाले तेव्हा टाकी लहान वाटू लागली. माशांना वाटत होती की ह्यांना, हा प्रश्न मी त्या वेळी विचारला नाही.

जोडीदाराला मोठ्या टाकीसाठी राजी कसं करायचं, हा प्रश्न घरोघरचा आहे. कुठे हौस नवऱ्याची असते, कुठे बायकोची. पण मन वळवण्याची पद्धत सगळीकडे सारखीच चुकते. हौशी माणूस टाकीच्या गुणांचं वर्णन करत बसतो. हॉलला शोभा येईल, पाहुणे थक्क होतील, मन शांत राहील, रक्तदाब उतरेल. ह्यांनी तर मला पुरावाच दिला. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या मत्स्यालयात संशोधकांनी माणसांना माशांच्या मोठ्या टाकीसमोर उभं करून त्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब मोजला होता, आणि मासे पाहून माणसं निवांत होतात असं त्यांना आढळलं होतं. २०१५ साली ते प्रसिद्धही झालं. मी म्हटलं, "अहो, त्यांनी मासे बघणाऱ्याचा रक्तदाब मोजला. खाली सांडलेलं पाणी पुसणारीचा मोजला का?"

थट्टेचा भाग सोडला, तरी सगळं भांडण या एका प्रश्नात आहे. टाकी सुंदर दिसते हे नाही म्हणणाऱ्यालाही दिसत असतं. त्याचा नकार सौंदर्याला नसतो. तो पाण्याला असतो, वजनाला असतो, कामाला असतो, आणि एका चौथ्या गोष्टीला असतो, जी सहसा बोलली जात नाही. तिच्याकडे शेवटी येते.

आधी पाणी. चेन्नईत पाण्यावर बोलताना आवाज आपोआप खाली येतो. २०१९च्या उन्हाळ्यात या शहराला पाणी देणारे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले होते. जुलैमध्ये दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या जोलारपेट्टैहून रेल्वेच्या वाघिणी भरून पाणी आणावं लागलं. टँकरच्या रांगेत रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायका मी रोज पाहिल्या आहेत. आमच्या भागात समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे बोअरच्या पाण्याला अनेक ठिकाणी खारट चव. ज्या बाईने तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला आणि कपड्यांचं पाणी न्हाणीघराला घालून तो उन्हाळा काढला, तिच्यासमोर कुणी अडीचशे लिटरच्या टाकीचं नाव काढलं तर ती काय बोलेल?

ती नाही म्हणेल. मीही म्हटलं. सहा महिने हा विषय आमच्या घरात "ते" या सर्वनामाने ओळखला जात होता. "त्याचं काय ठरवलंस?" "त्याचं नंतर बघू."

मग एके सकाळी ह्यांनी गुण सांगणं थांबवलं आणि वही काढली. बँकेत हिशेब लिहिलेला माणूस. त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं: घाण मासे करतात, टाकी करत नाही.

हे वाक्य नीट समजून घेण्यासारखं आहे. मासा खातो आणि विष्ठा टाकतो. तिच्यातून, त्याच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो माशांना विषारी. पाण्यातले काही जीवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं. हे नायट्रेट साठत जातं आणि ते कमी करण्यासाठी ठरावीक पाणी काढून नवं घालावं लागतं. म्हणजे आठवड्याला किती पाणी बदलायचं हे मासे किती आणि त्यांना खायला किती, यावर ठरतं. टाकीच्या काचेवर नाही.

आमच्या दोन फुटी टाकीत काठोकाठ भरलं तरी छप्पन लिटर पाणी मावतं. चार वाढलेल्या गोल्डफिशना ते फारच अपुरं. म्हणून हे आठवड्यातून दोनदा, दर वेळी पंधरा लिटरच्या दोन बादल्या पाणी बदलत. म्हणजे साठ लिटर. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटरच्या आसपास पाणी. त्यात हेच चार मासे ठेवले तर घाण तेवढीच. आठवड्यातून एकदा चार बादल्या बदलल्या की झालं. पुन्हा साठच लिटर. फरक एवढाच, की लहान टाकीत दर वेळी निम्म्याहून जास्त पाणी एकदम बदललं जायचं आणि माशांना दणका बसायचा. मोठ्या टाकीत चौथा हिस्सा बदलतो आणि त्यांना कळतही नाही.

"आणि ते साठ लिटर मोरीत?" मी विचारलं. हे पाणी मोरीत घालवणं म्हणजे खत फेकणं. नायट्रेट हे झाडांचं अन्न. गॅलरीतली तुळस, मोगरा, कढीपत्ता, गच्चीवरच्या कुंड्या, सगळ्यांना ते चालतं. गोड्या पाण्याच्या टाकीत औषध किंवा मीठ घातलेलं नसलं, की एकच पाणी दोनदा कामाला येतं. झाडांना वेगळं घातलं जाणारं पाणी वाचतं.

इथे एक सावधगिरी सांगते. आमच्यासारख्या घरांतून पिण्याच्या पाण्यासाठी आर.ओ. यंत्र असतं आणि त्याचं टाकाऊ पाणी बादलीत साठत असतं. ते माशांना घालावं असा मोह होतो. त्या पाण्यात मूळच्या पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावं, टाकीत नाही. नळाचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतो, त्यावर क्लोरीन मारणारे थेंब टाकून मगच वापरावं. आणि उन्हाने आटलेल्या पाण्यात नुसती भर घालत राहणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. पाणी उडतं, क्षार आणि घाण मागे राहतात.

पाण्याच्या बाबतीत मी एकच अट घातली. टाकी पहिल्यांदा भरायला सोळा-सतरा बादल्या लागणार होत्या. त्या मे महिन्यात मिळणार नाहीत. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. टाकी भरायची तर नोव्हेंबरात. ह्यांनी वहीत लिहून घेतलं.

दुसरा प्रश्न वजनाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेल्या चार फुटी टाकीत पाणी, जाड काच, तळाची खडी आणि लोखंडी स्टँड मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास वजन होतं. म्हणजे पाच मोठी माणसं सहा चौरस फुटांत रात्रंदिवस उभी. आपल्याकडे राहत्या घराचं स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलो वापराचं वजन धरून आखतात. संपूर्ण खोलीचा विचार केला तर साडेतीनशे किलो जास्त नाहीत, पण ते एकाच ठिकाणी एकवटतात. म्हणून अशी टाकी खोलीच्या मधोमध किंवा गॅलरीच्या पुढे आलेल्या भागावर कधी ठेवू नये. खाली तुळई असलेल्या भिंतीला लागून ठेवावी, आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर जाणकार इंजिनियरला दाखवून घ्यावं.

मैलापुरात हे जास्तच महत्त्वाचं. इथल्या जुन्या घरांत अजून मद्रास टेरेस पाहायला मिळतं. सागवानी वाशांवर विटा उभ्या लावून चुन्यात बसवलेला हा माळा उन्हाळ्यात घर थंड ठेवतो, पण शंभर वर्षांच्या वाशांवर तलाव बांधू नये. अशा घरात टाकीची जागा तळमजल्यावरच. आमची इमारत सिमेंट-सळयांची, तरीही इंजिनियर येऊन भिंत दाखवून गेला. ती शोकेसचीच भिंत निघाली. हा योगायोग होता असं ह्यांचं म्हणणं आहे.

तिसरा प्रश्न कामाचा, आणि खरा संसार इथे सुरू होतो. लहान टाकीचा आमच्याकडे महिन्याचा एक सोहळा असायचा. मासे बादलीत, बादली न्हाणीघरात, टाकी उचलून मोरीवर, खडी परातीत. परात माझी, पीठ मळायची. काच घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुऊन, सगळं चकचकीत करून पुन्हा भरायचं. दोन दिवस पाणी आरशासारखं दिसायचं आणि तिसऱ्या दिवशी दुधाळ व्हायचं. कितीतरी घरांत हे असंच चालतं आणि एखादा मासा मेला की टाकीला दृष्ट लागली म्हणतात.

त्यामागचं कारण साधं आहे. अमोनिया पचवणारे ते जीवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर राहतात. नव्या टाकीत त्यांची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण सगळं घासून धुतलं, त्यात क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज धरला, की वसाहत उजाड होते आणि मासे आपल्याच विषात राहतात. म्हणून टाकी कधीही पूर्ण रिकामी करून धुवायची नसते. स्पंज काढलेल्या जुन्याच पाण्यात हलका पिळायचा, खडीतली घाण नळीने पाण्याबरोबर ओढून घ्यायची, बस. चार फुटी टाकी उचलून मोरीवर नेता येत नाही, हा तिचा दोष वाटतो. तो तिचा मोठा गुण आहे. ती कुणाला नको तितकं धुऊ देत नाही. माझी परात सुटली ती या एका कारणाने.

मोठ्या टाकीचा दुसरा गुण इथल्या हवेत कळतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशाला लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तर तीस अंशाला साडेसात. गोल्डफिश मूळचा थंड पाण्याचा मासा, आणि आमच्या घरात मेमध्ये पाणी तीस अंशांवर जातं. दोन फुटी टाकीचा पाण्याचा पृष्ठभाग दोन चौरस फूट, चार फुटीचा सहा. हवा पाण्यात शिरते ती पृष्ठभागातून. तिप्पट खिडकी उघडल्यासारखं आहे ते. वीज गेली की हा फरक जीवनमरणाचा होतो. डिसेंबर २०१६मध्ये वर्दा वादळ आलं तेव्हा शहराच्या अनेक भागांत काही दिवस वीज नव्हती. अशा वेळी गर्दीची लहान टाकी काही तासांत संकटात येते. मोठ्या टाकीतले थोडे मासे बराच काळ तग धरतात. तरी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावाच.

विजेचं म्हणाल, तर इथे पाणी गरम करायचं यंत्र लागत नाही, हा चेन्नईच्या उन्हाचा एकमेव फायदा. वीस वॅटचा दिवा आठ तास आणि वीस वॅटचा फिल्टर चोवीस तास चालला तर महिन्याला एकोणीस-वीस युनिट होतात. दिवा चोवीस तास ठेवू नये, माशांनाही रात्र लागते. नाहीतर काचेवर शेवाळ येतं आणि ते घासायचं कुणी हा वाद पुन्हा सुरू होतो.

आता खाण्याचं. घरोघरी मत्स्यालयामुळे झालेलं सर्वांत मोठं भांडण कशावरून असेल, तर ते फ्रीजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी ठेवलेल्या अळ्यांच्या डबीवरून. शाकाहारी घरात तर विचारूच नका. आमच्याकडे फ्रीजचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघाला: कोरडे दाणे, तेही स्वयंपाकघराबाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासा काचेशी येऊन तोंड उघडतो म्हणजे तो उपाशी असतो असं नाही; आपण दिसलो की खाणं येतं एवढं तो शिकलेला असतो. गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाण्याचा डबा देऊन जाणं हे उपाशी ठेवण्यापेक्षा धोक्याचं. धडधाकट मोठे मासे आठवडाभर खाण्यावाचून राहू शकतात. मायेने टाकलेल्या मूठभर दाण्यांनी मात्र पाणी एका रात्रीत नासतं.

एवढा हिशेब झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की सगळी वही एका अटीवर उभी आहे. टाकी मोठी, पण मासे तेवढेच. मासे वाढले की पाणी वाढलं, काम वाढलं, घाण वाढली आणि हिशेब कोसळला. आणि जगातला प्रत्येक हौशी माणूस मोठी टाकी आणतो ती जास्त मासे ठेवण्यासाठी. तेव्हा मी म्हटलं, "चार फूट मान्य. पण मासे चारच. लिहा."

ह्यांनी पेन उचललं आणि थांबले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच विचार करायची पाळी त्यांच्यावर आली होती.

ही अट किती कठीण आहे ते कोळत्तूरला गेल्यावर समजतं. शहराच्या वायव्येला असलेला हा भाग शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी देशभर ओळखला जातो. दुकानांच्या रांगाच रांगा, आणि आसपास कितीतरी कुटुंबांनी घरामागच्या सिमेंटच्या टाक्यांत माशांची पैदास करून संसार उभे केलेले. तमिळमध्ये त्यांना 'वण्ण मीन' म्हणतात, रंगांचे मासे. मीन शब्द आपल्या राशीतलाच, त्यामुळे परकं वाटत नाही. टाकी घ्यायला आम्ही तिथे गेलो आणि एका काचेपुढे ह्यांचे पाय थांबले. चंदेरी अंग, बाजूने लांब काळी रेघ, तिच्यावर लाल रेघ. 'मिस केरळ' म्हणून ओळखला जाणारा डेनिसन बार्ब.

या माशाचा इतिहास मद्रासशी जोडलेला आहे. मद्रास इलाख्यात डॉक्टर असलेल्या फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्या वेळचे मद्रासचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचं नाव त्याला दिलं. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जातकुळी दिली, तिचं नाव 'सह्याद्रिया'. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या ओढ्यांचा हा मासा. शोभेच्या बाजारासाठी नदीतून इतका पकडला गेला, की आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या जागतिक यादीत आहे. थव्याने राहतो, भराभर पोहतो, त्याला चार फुटांची टाकी लागतेच. आता सह्याद्रीचं नाव आणि चार फूट, दोन्ही एकदम समोर आलं म्हणजे मराठी माणसाने काय करावं?

हे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "चल. चार म्हणजे चार." दुकानदाराने एक मासा फुकट देऊ केला, तोही त्यांनी घेतला नाही. खरं सांगायचं, तर माझा होकार तिथे झाला. वहीतल्या आकड्यांनी मला समजलं होतं, पण पटलं ते या "चल"ने. आपल्या हौसेला आपणच कुंपण घालणारा माणूस दुसऱ्याच्या कष्टांचाही हिशेब ठेवील, एवढी खात्री पुरेशी असते.

उरला तो चौथा प्रश्न, जो बोलला जात नाही. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा वर्षं जगतो, कधी त्याहूनही जास्त. आमच्या इमारतीत बहुतेक घरांत आता दोनच माणसं उरली आहेत. मुलं परदेशी किंवा बंगळूरला. पासष्टीच्या माणसाने दहा वर्षांचा जीव घरात आणायचा म्हणजे मनात एक प्रश्न येतोच. एक दिवस मी तो विचारला. "तुम्हाला चार बादल्या उचलवेनाशा झाल्या, किंवा तुम्ही दवाखान्यात असलात, तर हे कुणी करायचं?" मला माशांबद्दलच विचारायचं होतं असं नाही, आणि हेही त्यांना कळलं.

ते रागावले नाहीत, किंवा "असं अभद्र बोलू नकोस" असंही म्हणाले नाहीत. त्यांनी दोन गोष्टी केल्या. बादल्या उचलाव्याच लागू नयेत म्हणून टाकीतलं पाणी थेट गॅलरीतल्या कुंड्यांपर्यंत जाईल एवढी लांब नळी आणली, आणि नवं पाणी चढवायला एक छोटा पंप. आणि वहीची पहिली पानं कोरी ठेवून त्यांवर ठळक अक्षरांत सगळं लिहिलं: पाणी कोणत्या वारी, किती; थेंब किती; स्पंज कसा पिळायचा; फिल्टर बंद पडला तर पहिल्यांदा काय पाहायचं; मासे सांभाळणं जमेनासं झालं तर कुणाकडे द्यायचे. शेवटची ओळ अशी होती: नदीत, तळ्यात किंवा देवळाच्या पुष्करिणीत सोडू नयेत. ही ओळ प्रत्येक मत्स्यप्रेमी घराने भिंतीवर लावावी. कपालीश्वराच्या पुष्करिणीच्या काठी उभं राहून पाण्यातल्या माशांना चुरमुरे टाकणारी भाविक माणसं पाहिली, की आपलेही इथे सुखी होतील असं वाटतं. पण बाहेरचा मासा स्थानिक माशांचं अन्न खातो आणि आपल्याबरोबर रोगही नेतो. सोडून देणं ही माया नव्हे.

पहिली तीन पाण्याची कामं मी ह्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने केली. आवड म्हणून नाही, माहीत असावं म्हणून. घरातल्या किती गोष्टी आपण एकमेकांवर सोडून दिलेल्या असतात! बँकेचे कागद त्यांना माहीत, लोणच्याचं मीठ मला. टाकीच्या निमित्ताने आम्ही एक वही दोघांची केली. आता तिच्या मागच्या पानांवर विम्याचे क्रमांक आहेत, आणि लोणच्याचं प्रमाणही. नोव्हेंबरच्या पावसात टाकी भरली, जुना स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातल्यामुळे जीवाणूंची वसाहत लवकर बसली, आणि चार मासे चार फुटांत पहिल्यांदा सरळ रेषेत पोहले.

तेव्हा, ज्यांना मोठी टाकी हवी आहे त्यांना सांगणं एवढंच: शोभेचं वर्णन करू नका. समोरच्याच्या नकाराची यादी मागा आणि प्रत्येक ओळीपुढे आपलं नाव लिहा. पाणी कुणी भरायचं, फरशी कुणी पुसायची, वीज गेली तर रात्री कुणी उठायचं. आधी लहान टाकीचं सगळं काम तीन महिने न सांगता करून दाखवा. त्याहून चांगला युक्तिवाद नाही. आणि टाकी मागताना मासे वाढवून मागू नका.

ज्यांना होकार द्यायचा आहे त्यांनाही एक सांगते. नुसतं "नाही" म्हणू नका, कशाला नाही ते सांगा. पाण्याला असेल तर पाण्याला म्हणा, कामाला असेल तर कामाला. आणि ज्या प्रश्नाची भीती वाटते तोही विचारून टाका. हौशी माणसं हट्टी असतात, पण बहुधा हिशेबाला कच्ची नसतात. त्यांना हिशेब कुणी मागितलेला नसतो, इतकंच.